ओढ्याचे चित्र ओढ्याच्याच मातीने



चित्रकलेच्या वहीत आपण सगळे एकच देखावा काढतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, नारळाचे झाड आणि झोपडी. आपल्या गावात नारळ नाही आणि तसला डोंगरही नाही. आपल्याकडे काळे रान आहे, ओढा आहे, बाभळी आहेत, माळ आहे. मग ते चित्रात का येत नाही? माझे मत असे की, ज्या जागेचे चित्र करायचे तिथलीच माती, पाने, साली व बिया कागदावर लावाव्यात. नुसत्या रंगपेटीने जागेची ओळख पटत नाही.

यात नवीन काही नाही. दिवाळीतला किल्ला म्हणजे दुसरे काय? दगड, चिखल, गोणपाट आणि वर पेरलेले अळीव नि मोहरी. पोळ्याचे बैलही मातीचेच. पालघर जिल्ह्यातल्या वारली बायका शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात. वारली चित्रांसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, फरश्या व दगड यांतून चंदीगडला बाग उभी केली. ती १९७६ साली लोकांना खुली झाली.

साहित्याला पैसे लागत नाहीत. रानातली काळी, गावठाणातली पांढरी आणि मुरमाची तांबडी माती फडक्यातून गाळायची. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून त्यात ती कालवली, की झाला रंग. हळदीत थोडा चुना घातला की लाल होते. पाने वर्तमानपत्रात घालून आठ-दहा दिवस वजनाखाली ठेवावीत, म्हणजे सुरकुतत नाहीत. पिंपळाचे पान दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवून हलक्या हाताने धुतले, तर नुसती जाळी उरते. ज्वारीच्या धाटाच्या भेंडाची बैलगाडी तर सगळ्यांनाच येते.

काही पालक म्हणतात, "पोरं कचरा गोळा करत्यात, अभ्यास कुठाय?" पण हा अभ्यासच आहे. "पळसाला पाने तीनच" असे सगळे म्हणतात. मोजून किती जणांनी बघितली? चिकटवताना मोजावीच लागतात. कोणत्या मातीला भेगा पडतात, कोणता रंग उन्हात उडतो, हे हातानेच कळतं.

मात्र नियम पाळावेत. गळलेलीच पाने घ्यावीत, झाड ओरबाडू नये. पक्ष्यांच्या घरट्याला हात लावू नये. बिब्बा अंगावर उततो आणि गुंज विषारी असते, म्हणून ती दोन्ही घेऊच नयेत.

आता महत्त्वाचे. फाट्यापासून गावापर्यंतच्या चिंचा रस्ता रुंद करताना तोडल्या. रस्ता हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिलीतल्या मुलांना त्या चिंचा माहीतच नाहीत. आमच्या वर्गात त्यांच्या सालीचा एक तुकडा आणि मूठभर चिंचोके आहेत. ते लावून त्या रस्त्याचे चित्र केले, तर लहान मुलांना साल हाताने चाचपता येईल. रंगपेटीतल्या तपकिरी रंगाला हात लावून चिंच कळत नाही. ओढ्याकाठची झाडे अजून उभी आहेत, तोवर त्यांचीही चित्रे व्हावीत.

म्हणून प्रत्येक वर्गाने वर्षातून एक तरी असे चित्र करावे आणि चित्रकला स्पर्धेत त्याला वेगळे बक्षीस ठेवावे. पालकांनी एवढेच करावे, की चित्र बघताना त्या जागेचे जुने नाव आणि तिथे पूर्वी काय होते ते आम्हांला सांगावे. आम्ही ते चित्राखाली लिहून ठेवू. शिवारातली नावे तुम्हांला पाठ आहेत, आम्हांला नाहीत.

— इयत्ता ७ वी