परदेशी पोपटाचा वारस कोण?

धान पिकविणाऱ्या आमच्या भंडारा जिल्ह्यास पोपटाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लोंब्या भरल्या कीं त्यांचे थवे शेतांवर उतरतातच. परंतु हा देशी पोपट धरणें, विकणें अगर पाळणें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. म्हणून कित्येक हौशी कुटुंबें दक्षिण अमेरिकेच्या पोपटांकडे वळतात. मुलें त्याचा रंग पाहतात, वडील माणसें किंमत विचारतात. पण तो किती वर्षें जगेल, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

पनामापासून बोलिव्हियापर्यंतच्या अरण्यांत आढळणारा निळा-पिवळा मकाव नीट जोपासल्यास 50 वर्षें किंवा त्याहूनहि अधिक जगतो. लहानखुरा सोनेरी सन कोन्युरसुद्धां 20 ते 25 वर्षें सोबत करतो. म्हणजे साठीच्या आजोबांनीं आणलेल्या मकावाचें म्हातारपण नातवानें सांभाळावयाचें! हा व्यवहार खेळणें विकत घेण्याचा नव्हे, दत्तविधानाचा आहे. दत्तक घेतांना घरांतील सर्वांचें मन पाहतात, तसेंच येथेंहि पाहावें. आणि आपल्यामागें सांभाळणारा कोण, हें आधींच ठरवावें.

हा पक्षी थव्यांत राहणारा. दिवसेंदिवस एकटा पडला तर स्वतःचींच पिसें उपटूं लागतो. त्याची ओरड शेजाऱ्यांच्याहि कानीं पडते. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर त्याचें पोषण होत नाहीं. फळें, पालेभाजी व शिजविलेलीं कडधान्यें द्यावींत. चॉकलेट व अव्होकाडो हीं त्यास विषासमान. गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवावें कीं, नॉनस्टिक तवा फार तापला असतां त्यांतून निघणारा वायु पोपटाचा प्राण घेतो. यास्तव पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. आणि वैशाखांत त्यास उन्हाच्या झळा लागूं देऊं नयेत.

2022 च्या कायदादुरुस्तीनें अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणीहि आवश्यक झाली आहे. 2024 च्या नियमांप्रमाणें पक्षी ताब्यांत आल्यापासून 30 दिवसांच्या आंत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो. कागदपत्रें न देणाऱ्या विक्रेत्याच्या दारीं उभेंहि राहूं नये.

यांत केवळ दंडाचें भय नाहीं. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ंत वैशंपायन नांवाचा पोपट शूद्रक राजास आपली कथा सांगतो. शबरानें शाल्मली वृक्षावर चढून त्याच्या पित्यास मारलें. पित्याच्या पंखांत दडल्यामुळें तेवढें पिल्लू वांचलें. चोरट्या व्यापारांतील पिल्लामागें असेंच एखादें ओसाड झालेलें झाड असतें. जंगलतोड आणि पारध यांमुळें ब्राझीलमधील स्पिक्सचा मकाव 2000 सालच्या सुमारास अरण्यांतून नाहींसा झाला. माणसांनीं वाढविलेल्या पक्ष्यांतून कांहीं तेथें पुन्हां सोडावयास 2022 साल उजाडावें लागलें.

पिंजऱ्यांतच जन्मलेला, रीतसर नोंदलेला पक्षी मिळत असेल आणि त्याचा पुढचा पालक घरांत ठरला असेल, तर खुशाल आणावा. तसें नसेल तर नातवंडांस घेऊन सकाळीं धानाच्या बांधावर जावें. तेथें पोपट फुकट दिसतात, आणि सायंकाळीं आपापल्या घरीं जातात.