गाठीवरचा क्रमांक

वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी. यवतमाळ जिल्ह्यातील या बाजारपेठांत हंगाम भरात आला की जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर उभे राहतात. त्यातून बांधलेल्या गाठीवर क्रमांक घालण्याची रीत जुनीच आहे. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे मालकावर बंधनकारक केले होते. परंतु त्यातून गाठ कोणी बांधली एवढेच कळे. आतला माल कसा आहे, हे दलालाने नमुना ओढून, तंतू चिमटीत धरून ठरवायचे.

आता त्या क्रमांकाची जागा क्यूआर कोड घेत आहे. सीसीआय आपल्या गाठींवर तो लावते. कापूस कोणत्या गावचा, रुई कोणत्या कारखान्यात निघाली, हे त्यातून उलगडते. १५ डिसेंबर २०२२ रोजी सीसीआय आणि टेक्सप्रोसिल यांच्यात करार होऊन 'कस्तुरी कॉटन भारत' या नाममुद्रेसाठीही अशीच व्यवस्था उभी राहिली. तंतूची लांबी, बळकटी, तलमपणा आणि कचरा प्रयोगशाळेत मोजून त्याची नोंद गाठीशी जोडली जाते. कचरा व प्लास्टिकचे धागे यांमुळे परदेशी बाजारात भारतीय रुईला पडते दर मिळतात, हे या खटाटोपाचे मूळ.

खरी अडचण मात्र संगणकात नाही, आवारात आहे. १७० किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे एकाच गाठीत दोन-तीन शेतकऱ्यांचा माल सहज एकत्र येतो. पहिल्या वेच्याचा शुभ्र कापूस, ओलसर कापूस आणि शेवटची फरदड यांचे ढीग वेगळे राहिले नाहीत, तर कोड छापूनही तो खोटेच सांगणार. चांगल्या ढिगात थोडी फरदड सरकवून सरासरी जुळवणे हे या धंद्यातले जुने कसब. कित्येक हंगामांचा नफा त्यावर उभा राहिला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नव्या पद्धतीत नेमके तेच सोडावे लागते, आणि त्याच्या बदल्यात चढा दर पहिल्याच वर्षी हाती पडेल याची हमी कोणी देत नाही. लहान जिनिंगवाल्याची घालमेल त्यामुळे समजण्यासारखी आहे.

तरीही खर्चाचा क्रम चुकू नये. पडदे आणि यंत्रप्रणाली दाखवणारे विक्रेते आधी दारात येतात. पैसा आधी पक्क्या फरशीवर, ढिगांमधल्या मोकळ्या जागेवर आणि ओलावामापकावर गेला पाहिजे. आठ टक्क्यांचा कापूस आणि बारा टक्क्यांचा कापूस काट्यावर सारखाच भरतो, पण त्यातला फरक पाण्याचा असतो. ही नोंद गाडी रिकामी होण्याआधी, शेतकऱ्यासमक्ष व्हावी लागते. पूर्वी मुनीम संध्याकाळी बसून दिवसाची आवक वहीत उतरवी आणि खाडाखोडीला तेथे वाव असे. काट्यावरच चढलेली नोंद संध्याकाळपर्यंत थांबत नाही.