स्वाक्षरीचा साक्षीदार कोण?

१४ मे २०२३च्या रात्री चेपॉकवर चेन्नई आणि कोलकात्याचा आयपीएल सामना संपला आणि सुनील गावसकर धावतच महेंद्रसिंग धोनीपाशी गेले. अंगातल्या शर्टावर त्यांनी त्याची सही घेतली. ती होताना लाखो लोकांनी पाहिली. हा शर्ट कधी लिलावात आला तर धोनीच्या अक्षराचे वळण कसे आहे, यावर कुणी फार वेळ घालवणार नाही. विचारायचे एवढेच उरेल, की हा तोच शर्ट का? याउलट मालाडच्या लिंक रोडवरच्या किंवा एव्हरशाईन नगरातल्या एखाद्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेली बॅट घ्या. ऑनलाइन मागवलेली, वर मोठ्या खेळाडूची सही, मागे सोनेरी किनारीचे ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’. घरी येणारा प्रत्येक जण चष्मा सावरून एकच गोष्ट विचारतो, ‘सही त्याचीच वाटते ना?’ माझे म्हणणे असे, की बनावट स्वाक्षऱ्यांचा सगळा धंदा याच प्रश्नावर पोसला जातो. अक्षर कसे आहे, याआधी ती वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली आणि सही होताना कोण हजर होते, हे विचारायला हवे.

याचा अर्थ अक्षर पाहणे निरुपयोगी आहे असा नव्हे. सराईत माणूस स्वतःची सही विचार न करता, वेगात करतो. त्यामुळे रेघ सुरू होताना आणि संपताना निमुळती होते, दाब कमीजास्त होतो, वळणे सहज येतात. नकल करणारा मात्र सही लिहीत नाही, ती चितारतो. रेघ मंदावते, बारीक कापरे भरते, टोके बोथट राहतात, नको तिथे पेन उचलले जाते आणि मग तो जोड झाकायला वरून पुन्हा गिरवले जाते. हे सगळे साध्या भिंगाखाली दिसते. आणखी एक खूण उलटी वाटेल, पण महत्त्वाची आहे. कुठल्याही माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या नसतात. एकावर एक ठेवून जुळल्या, तर एक दुसरीवरून काढलेली असते किंवा दोन्ही यंत्राने केलेल्या असतात. बॅटीवर आणि संघाच्या छायाचित्रावर छापील सह्याही असतात. त्यात लबाडी नसते, पण पुढे कुणीतरी त्या हाताने केलेल्या म्हणून विकतो. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, की तो विषय तिथेच संपतो.

अडचण पुढे आहे. अक्षराची परीक्षा ‘ही सही त्याची नाही’ हे पुष्कळदा सांगू शकते, पण ‘ही त्याचीच आहे’ हे तितक्या खात्रीने सांगत नाही. खेळाडू बसमध्ये चढता चढता, कुणाच्या तरी पाठीवर वही टेकवून सही करतो. ती त्याच्या बँकेतल्या सहीसारखी दिसेल कशी? वीस वर्षांच्या कारकिर्दीत सहीची अर्धी अक्षरे गळून पडतात. म्हणजे खरी सही खोटी वाटू शकते, आणि कसलेल्या नकलाकाराची खोटी सही खरी. आपल्या न्यायालयांनीही हे ओळखले आहे. हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत फार सावधपणे घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मगन बिहारी लाल खटल्यात १९७७ मध्ये बजावले. १९८० च्या मुरारीलाल खटल्यात, पूरक पुरावा नसेल तर ते मत बाजूलाच ठेवावे असा काही नियम नाही, हेही स्पष्ट केले. पण सावधगिरीची अट सोडली नाही. तज्ज्ञासमोर मूळ कागद आणि निर्विवाद नमुने असतानाही जर इतकी खबरदारी लागते, तर मोबाइलवरच्या फोटोवरून ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असा निर्वाळा देणाऱ्याची काय कथा!

सहीपेक्षा ती ज्यावर केली आहे ती वस्तू जास्त खरे बोलते, कारण नकलाकार आपले सगळे कसब सहीवर खर्च करतो आणि वस्तूकडे त्याचे दुर्लक्ष होते. लॅस्लो बिरोने बॉलपेनचे पेटंट १९३८ मध्ये घेतले आणि ते पेन सर्रास वापरात आले दुसऱ्या महायुद्धानंतर. रणजितसिंहजी १९३३ मध्ये वारले. त्यामुळे बॉलपेनने केलेली ‘रणजींची सही’ कितीही सुबक असो, तिचा विचारसुद्धा करायचे कारण नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या, पळवणकर बाळू ज्यात होते त्या संघाचा सह्यांचा कागद कुणी पुढे केला, तर तो अतिनील दिव्याखाली धरावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायने साधारण १९५० नंतर रुळली; कागद निळसर झळकला तर दौरा, संघ, सह्या सगळेच रद्द. (जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून वापरणारे महाभाग असतात, त्यामुळे कागद जुना निघाला म्हणून सही जुनी ठरत नाही.) अलीकडच्या वस्तूंनाही हाच न्याय लावता येतो. १९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरच्या बॅटीवर कुणाचेच स्टिकर नव्हते, १९९८ च्या शारजातल्या दोन शतकांच्या वेळी ‘एमआरएफ’ होते आणि ‘अदिदास’ आले ते २०१० च्या आसपास. शारजाच्या बॅटीवर अदिदासच्या तीन रेघा दिसल्या, तर भिंग बाहेर काढायचीही गरज नाही. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात चौदा खेळाडू होते, एकही सामना न खेळलेले सुनील वॉल्सन धरून. त्यांतले यशपाल शर्मा जुलै २०२१ मध्ये गेले. त्यानंतरच्या कुठल्याही समारंभात ‘चौदाही जणांनी सही केलेली’ बॅट मिळाली, असे सांगणाऱ्याशी अक्षरावर वाद घालत बसू नये.

वस्तूची साक्षही न मानता नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबले, तर काय होते हे अमेरिकेने पंचवीस वर्षांपूर्वी पाहिले. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाच्या मोहिमेत ऑक्टोबर १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात छापे घातले. बेसबॉलपटूंच्या नकली सह्या करणारी एक अख्खी टोळी हाती लागली आणि जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले. मदर तेरेसा बेसबॉलवर कशाला सही करतील, हा प्रश्न कुणा गिऱ्हाइकाला पडलाच नाही, कारण सोबत सर्टिफिकेट होते! मागणी असलेल्या खेळाडूंच्या बाजारातल्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक खोट्या असाव्यात, असा एफबीआयचा त्या वेळचा अंदाज होता. सॅन डिएगोचा थोर फलंदाज टोनी ग्विन याला तर स्वतःच्या क्लबच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या सापडल्या होत्या. सर्टिफिकेट विकणारा आणि वस्तू विकणारा एकच असेल, तर त्या कागदाला पावतीइतकीही किंमत नाही, हा या प्रकरणाचा धडा. पावतीवर निदान तारीख आणि पत्ता तरी असतो.

बेसबॉलच्या मेजर लीगने यातून २००१ मध्ये जी व्यवस्था उभारली, तिचे मर्म एका नियमात आहे. त्यांचा साक्षीदार स्वतःच्या डोळ्यांदेखत झालेल्या सहीलाच दाखला देतो, मागाहून आणलेल्या वस्तूला देत नाही. हे काम पोलिस सेवेतल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसांना दिले गेले. वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम लागतो आणि तो क्रमांक लीगच्या नोंदवहीत कुणालाही पडताळता येतो. इथे अक्षरतज्ज्ञ लागतच नाही. सही नसलेल्या वस्तूंनाही हीच रीत लागू पडते. मॅराडोनाचा १९८६ चा ‘हँड ऑफ गॉड’ सामन्यातला शर्ट २०२२ मध्ये सदबीजने ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला. हा पूर्वार्धातला शर्ट आहे, गोल केले तेव्हाचा नव्हे, असा आक्षेप त्याच्या कुटुंबीयांनी घेतला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी शर्टावरचे बारीकसारीक तपशील सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले गेले. क्रिकेटला तर हे आणखी सोपे आहे. विलोच्या फळीवरच्या रेषा प्रत्येक बॅटीच्या वेगळ्या, चेंडूचे लाल डाग आणि ठोक्यांच्या खुणा वेगळ्या. वानखेडेवरच्या कुठल्याही कसोटीची वृत्तपत्रांकडे शेकडो छायाचित्रे असतात. ‘या बॅटीने शतक ठोकले’ असे सांगणाऱ्याकडे त्या दिवसाचे छायाचित्र मागायला कसला संकोच?

यावर एक आक्षेप रास्त आहे. असा साक्षीपुरावा मोठ्या लिलावघरांना परवडतो. कांदिवलीच्या सचिन तेंडुलकर जिमखान्याबाहेर तासभर ताटकळून वहीच्या पानावर सही मिळवणाऱ्या मालाडच्या पोराने काय करायचे? त्याच्याकडे ना होलोग्राम, ना नोंदवही. माझे उत्तर असे, की त्याला काहीच सिद्ध करायचे नाही. त्याच्यासमोर सही झाली, साक्षीदार तोच. पण उद्या तेच पान तो तिसऱ्याला विकू लागला, तर तिसऱ्याकडे फक्त त्याचा शब्द आहे आणि किंमत त्या शब्दाच्या वजनाइतकीच असावी. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सही घेताना मित्राने काढलेला एक फोटो, त्या दिवसाचे तिकीट, पानाच्या मागे तारीख, एवढे केले तरी पुरे. उलट ‘ड्रेसिंग रूममधून आलेली’ या शब्दांनी मात्र कुणी हुरळून जाऊ नये. सह्यांसाठी बॅटींची चळत पुढे आली, की एकाने दुसऱ्याची सही ठोकून मोकळे होणे हा प्रकार क्रिकेटमध्येही जुना आहे आणि फुटबॉलमध्येही. वस्तू योग्य जागेतून आली, एवढ्याने सही योग्य हाताची होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोडकर आहे. ज्याला आपल्या भिंतीवरची बॅट खरी वाटते त्याला आनंद मिळतोय, मग त्यात नुकसान कुणाचे? नुकसान खरी वस्तू असणाऱ्याचे. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल सन्मानात त्याचा मोठा वाटा होता. चांगली गाडी आणि भंगार यांतला फरक गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि भंगार तेवढे उरते. स्वाक्षऱ्यांचे नेमके हेच झाले आहे. एखाद्या जुन्या रणजीपटूच्या घरी संघाच्या सह्या असलेली खरी बॅट असते. घरच्यांना ती विकायची असते किंवा संग्रहालयाला द्यायची असते. शेजारच्या ऑनलाइन दुकानात तसलीच ‘ओरिजिनल’ चार-पाच हजारांत मिळत असेल, तर यांच्या बॅटीवर विश्वास कोण ठेवणार? नकला होतात त्याही मोजक्या नावांच्या. ५८९ प्रथमश्रेणी बळी घेऊन एकही कसोटी खेळायला न मिळालेल्या पद्माकर शिवलकरांची सही बनवण्याचे कष्ट कोण घेईल? ज्याला खरोखर संग्रह करायचा आहे, त्याने मुंबई क्रिकेटच्या या विसरलेल्या कप्प्याकडे वळायला हरकत नाही. तिथे भाव नाही, म्हणून भेसळही नाही.

फसलेल्याला कायद्याचा आधार नाही असे नाही. विक्रेता व्यावसायिक असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. मालाडकराला त्यासाठी वांद्र्यापर्यंत जावे लागते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्कही नाही. पण तिथेही अखेर सही खोटी आहे हे दाखवावे लागते, आणि आपण पुन्हा अक्षरतज्ज्ञाच्या दारात जाऊन उभे राहतो. म्हणून खरेदीच्या वेळीच ‘सही कुठे, कधी, कुणासमोर झाली’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. असे लिहून दिलेले विधान खोडून काढणे अक्षर खोडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. खेळाडू त्या तारखेला दुसऱ्याच देशात खेळत होता, हे धावफलक सांगतो.

होलोग्रामही छापता येतात, मग त्यांचा काय भरवसा, असे कुणी म्हणेल. खरेच आहे, चमकणारे स्टिकर कुठलाही छापखाना करून देईल. म्हणून भिस्त स्टिकरवर नको, क्रमांकासमोर त्या नेमक्या वस्तूचे छायाचित्र असलेल्या उघड्या नोंदवहीवर हवी. तोच क्रमांक दुसऱ्या बॅटीवर चिकटवला, तरी विलोच्या रेषा जुळणार नाहीत. ही नोंदवही ठेवायची कुणी? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयाचे वानखेडेवर उद्घाटन झाले, तेव्हा जपणूक हे आपले काम आहे हे संस्थेने मान्यच केले आहे. पुढची पायरी तिनेच उचलावी. एवढी माणसे आणायची कुठून, ही सबब टिकत नाही. असोसिएशन परीक्षा घेऊन गुणलेखक तयार करते. हीच मंडळी १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगच्या चिखलातल्या सामन्यांत प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतात, चूक झाली तर एकमेकांच्या वह्या ताडून पाहतात. सामना संपल्यावर त्यांच्यापैकी एकाला ड्रेसिंग रूमच्या दाराशी टेबल द्यावे. वहीत रकाने लागतील चारच: वस्तू, खेळाडू, वेळ आणि साक्षीदार म्हणून त्याची स्वतःची सही.