पशुवैद्य परदेशी जातात, दुखणे मात्र इथलेच आहे

'नीट' देऊन पशुवैद्यक शाखेत आलेला विद्यार्थी साडेपाच वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतो. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर, कुठल्याही महाविद्यालयात गेलात तरी शेवटच्या वर्षातली काही मुले-मुली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या परवाना परीक्षांची चौकशी करताना आढळतील. त्यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते: शेतकऱ्याच्या कराच्या पैशावर शिकले आणि परदेशातल्या कुत्र्या-मांजरांच्या सेवेला निघाले. ही तक्रार पोटतिडकीने केली जाते आणि तिच्यामागे खरी टंचाई आहे, म्हणून ती झटकून टाकता येत नाही. तरीही ती चुकीच्या दारात नेली जाते, असे माझे मत आहे. परदेशी जाणाऱ्या पशुवैद्याला तिकडे जो अडसर येतो, त्याचाच त्रास इथल्या शेतकऱ्याला गोठ्यात होतो. पदवी मिळालेली असते, पण हाताला पुरेसा सराव मिळालेला नसतो. हे दुखणे बरे केले तर दोघांचेही भले होईल. जाणाऱ्याला अडवून दोघांपैकी कोणाचेच होणार नाही.

तिकडची वाट कशी आहे ते आधी पाहू. भारतातल्या एकाही पशुवैद्यक महाविद्यालयाला अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता नाही. त्यामुळे आपल्या पदवीधराला 'नॅव्हले' ही ३६० प्रश्नांची परवाना परीक्षा तर द्यावी लागतेच, शिवाय 'ईसीएफव्हीजी' किंवा 'पेव्ह' यांपैकी एका प्रमाणन प्रक्रियेतून जावे लागते. ईसीएफव्हीजीच्या चार पायऱ्या आहेत: पदवीची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, मूलभूत आणि चिकित्साशास्त्रांची बहुपर्यायी परीक्षा, आणि शेवटी प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची तीन दिवसांची परीक्षा. या शेवटच्या परीक्षेची केंद्रे मोजकी आहेत, शुल्क हजारो डॉलरचे आहे आणि तारखेसाठी ताटकळावे लागते. कॅनडातला क्रम साधारण असाच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची लेखी व प्रात्यक्षिक अशी सामाईक परीक्षा आहे. ब्रिटनने २०१९ साली पशुवैद्यकांना टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत घातले, तरी आपल्या पदवीधराच्या पूर्ण नोंदणीसाठी रॉयल कॉलेजच्या परीक्षेची अट कायम राहिली. परीक्षांच्या या वर्षांत अनेक जण तिकडच्या एखाद्या दवाखान्यात सहायक म्हणून काम करतात. इथे अडलेल्या गायीचे वासरू सोडवणारा माणूस तिथे दुसऱ्या डॉक्टरसाठी कुत्र्याचे पाय धरून उभा राहतो. काही जण एमएस किंवा पीएचडीला प्रवेश घेऊन संशोधनाकडे वळतात आणि रुग्ण तपासणे कायमचे सुटते. या व्यवसायातली खरी गळती मला इथे दिसते, कारण असा माणूस त्या देशालाही पशुवैद्य म्हणून मिळत नाही आणि आपल्यालाही नाही.

आपली मुले लेखी परीक्षेला घाबरत नाहीत. पाठांतराची सवय त्यांना शाळेपासून आहे. कस लागतो तो प्रात्यक्षिकात. त्या तीन दिवसांच्या परीक्षेचे सात भाग आहेत: भूल, शस्त्रक्रिया, लहान प्राण्यांची चिकित्सा, घोडे, दुधा-मांसासाठी पाळली जाणारी जनावरे, क्ष-किरण आणि शवविच्छेदन. शस्त्रक्रियेत कुत्रीचे गर्भाशय आणि अंडाशय काढून दाखवायचे असते. भुलीच्या भागात जनावराच्या श्वासनलिकेत नळी बसवून वायूची भूल द्यायची, ठोके, श्वास, रक्तदाब ठरावीक वेळाने टिपायचे, काही बिघडले तर काय करणार ते तिथल्या तिथे सांगायचे. शवविच्छेदनात मेलेल्या जनावराचे अवयव क्रमाने उघडून पाहायचे, नमुने योग्य रीतीने घ्यायचे आणि मरणाच्या कारणाचा अंदाज कारणांसहित मांडायचा. घोड्याजवळ कसे जायचे आणि त्याला कसे तपासायचे, हेही पाहिले जाते. यातले काहीही आपल्या अभ्यासक्रमाबाहेरचे नाही, पुस्तकात सगळे आहे. पण एका गायीभोवती सगळी तुकडी उभी राहते, पुढचे दोघे-तिघे हात लावतात आणि मागचे वहीत उतरवून घेतात. अध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, वायूची भूल देणारे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती येत नाही आणि आंतरवासितेचे वर्ष कोणाकडे गेलात त्यावर ठरते. चांगला अधिकारी भेटला तर विद्यार्थी घडतो, नाही तर नोंदवही भरून घरी जातो.

यावर पहिला आक्षेप असा की आपला देश गायी-म्हशींचा आहे, कुत्रीचे ऑपरेशन आणि घोड्याची तपासणी आली नाही म्हणून बिघडले कुठे? हा आक्षेप वरवर पटतो. पण परीक्षेत जे मोजले जाते त्यातला मोठा भाग कुत्र्याचा किंवा घोड्याचा नसतोच. निर्जंतुकता पाळणे, वेदना ओळखून ती कमी करणे, भुलीखालच्या जनावरावर लक्ष ठेवणे, मेलेले जनावर शास्त्रशुद्ध उघडणे, या गोष्टींची गरज पंढरपुरी म्हशीला आणि खिलार बैलालाही तितकीच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोगाची साथ राज्यभर पसरली, तेव्हा गाठी नेमक्या कशाच्या हे ओळखणारे आणि नमुने नीट घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवणारे हात किती हवेत, हे सगळ्यांनी पाहिले. विम्याच्या दाव्याला शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. तो घाईत, न उघडता लिहिला गेला तर जनावर कशाने गेले हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही आणि गोठ्यातले दुसरे जनावर त्याच रोगाने जाते. सिझेरियननंतर टाके पिकून म्हैस गेली तर त्या घराचे वर्षभराचे दूध जाते. हाताच्या सरावाचा प्रश्न म्हणजे शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे.

रुग्णांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन मोजले गेले, त्यात महाराष्ट्रातले सुमारे ३ कोटी ३० लाख. वार अडकलेली गाय, मायांग बाहेर आलेली म्हैस, पोट फुगलेला बैल, हे श्रीमंत देशातल्या विद्यार्थ्याला क्वचित दिसते आणि आपल्या विद्यार्थ्याच्या तालुक्यात रोज असते. गोव्याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. २०१३ पासून तिथे 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारबरोबर काम करून कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्याच कामाशी जोडलेल्या गोव्यातल्या आणि उटीच्या प्रशिक्षण केंद्रांत परदेशी पशुवैद्य आणि विद्यार्थी शस्त्रक्रियेचा हात बसवायला येतात. म्हणजे हात तयार होण्याइतके काम भारतात आहे, हे परदेशी विद्यार्थ्याला कळलेले आहे. नसबंदी केंद्रांत आपले तरुण पशुवैद्य रोज कितीतरी कुत्र्या हाताळतात, पण बहुतेक ठिकाणी शिरेतून दिलेल्या भुलीवर आणि उजव्या कुशीतून. परीक्षेत मात्र पोटाच्या मध्यरेषेतून, वायूच्या भुलीवर आणि प्रत्येक नोंदीसह काम करायचे असते. कौशल्य असते, पण ते क्रमाने शिकवणारा आणि तपासणारा कोणी नसतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच ५ हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य हवा असे सांगितले होते, आपण त्याच्या जवळपासही नाही. मग जाणाऱ्यांवर बंधपत्र का लादू नये? माणसांच्या डॉक्टरांवर बंधपत्र आहे आणि तरी ग्रामीण रुग्णालयांतल्या जागा रिकाम्या राहतातच. पशुवैद्यांच्या बाबतीत तर अडचण त्याच्याही आधीची आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकारी गट-अ च्या २,७९५ पदांची जाहिरात काढली. त्यातली काही पदे विभागाच्या पुनर्रचनेतून आलेली असतील, पण इतका मोठा आकडा एका वर्षात साचत नाही. तोवर पदवीधर मुले खासगी दूध संघ, औषध कंपन्या आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग यांच्यात विखुरली, आणि श्रेणी दोनच्या दवाखान्यांचा भार पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांनी वाहिला. ते पर्यवेक्षक मनापासून काम करतात, मात्र १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्यांनी किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. देखरेख करणारे पदच रिकामे असेल तर दोष परदेशी गेलेल्या मुलीला देता येणार नाही. ती इथे राहिली असती तरी त्या खुर्चीवर तिला कोणी बसवले नसते. आंतरवासितेच्या विद्यावेतनासाठी संप करावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला देशसेवेचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार सरकारने आधी कमवावा.

पदवीला बाहेर मान्यता मिळाली तर लोंढाच बाहेर पडेल, अशीही भीती घातली जाते. पण देशांची दारे पदवीने उघडत नाहीत, व्हिसाने उघडतात, आणि ती अरुंद होत चालली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लादले. ग्रामीण भागातले छोटे पशुरुग्णालय एका परदेशी डॉक्टरसाठी ते भरेल असे वाटत नाही. म्हणजे मान्यता मिळाली तरी जाणारे थोडेच असतील आणि मान्यतेसाठी सुधारलेल्या महाविद्यालयातून शिकलेले बहुसंख्य इथेच राहतील. परदेशी मापाने आपल्याला का मोजून घ्यायचे, असे विचारणाऱ्यांनी बुळकांडीचा इतिहास आठवावा. पुण्यात १८८९ मध्ये सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला गेलेली प्रयोगशाळा या रोगाशी दशकानुदशके झुंजली. भारताने तो रोग संपवला आणि २००६ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या कसोटीवर तसे सिद्धही केले. त्या कसोटीने आपला अपमान झाला नाही, उलट आपल्या पशुवैद्यांच्या कामावर शिक्कामोर्तब झाले.

अशी मान्यता मिळवणे फक्त श्रीमंत देशांनाच परवडते असेही नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेने अमेरिकी मान्यता मिळवलेली आहे. ते सार्वजनिक विद्यापीठ आहे आणि तिथले शिक्षण स्पॅनिशमध्ये होते. २०१९ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठाला ती मिळाली, आशियात पहिल्यांदाच. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे आहे. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या रूपाने लहान-मोठ्या प्राण्यांचा प्रचंड रुग्णभार आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांपैकी एकासाठी, आणि माझ्या मते परळसाठीच, या मान्यतेची तयारी सुरू करावी. सोबत भारतीय पशुवैद्यक परिषदेने परस्पर मान्यतेच्या बोलण्यांना हात घालावा. तसा अधिकार तिला १९८४ च्या कायद्यानेच दिलेला आहे, आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये व ब्रिटनशी २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारांमुळे बोलायला निमित्तही आहे. अमेरिकी असोसिएशनकडून पूर्ण मूल्यमापनाआधी सल्लागार भेट मागवता येते. ती भेट मागवावी आणि तिचा अहवाल, म्हणजे अध्यापक किती कमी, यंत्रे कोणती नाहीत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे सगळे विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे. त्यात लिहिलेली प्रत्येक उणीव परदेशी न जाणाऱ्या विद्यार्थ्याचीही असेल.