गिधाडे, कासवे आणि तळ्याची पोरे

श्रमदान आणि निसर्गसंवर्धन म्हणजे तरुणांच्या वेळेची नासाडी, असा सूर गेल्या अंकातील एका पत्रात उमटला. तळा गावच्या वाचकाला तो पटणारा नाही.

शेजारच्या म्हसळा तालुक्यातले चिरगाव पाहावे. महाडच्या ‘सिस्केप’ संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने तिथली गिधाडे जपली, तीही गावकऱ्यांना सोबत घेऊन. उंच झाडावरचे घरटे लांबूनच हेरणे, नोंदी ठेवणे, मेलेल्या गुराला डायक्लोफिनॅक टोचले होते का हे मालकाला विचारणे! गिधाडांना मारक ठरलेल्या, जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ साली बंदी आली. असली कामे फळ्यावर शिकवता येत नाहीत.

‘पण पोटाचे काय?’ याचे उत्तर किनाऱ्यावरच्या वेळास गावात मिळते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेमुळे तिथे कासवाची अंडी शोधून कुंपणात सुरक्षित हलवण्याचे काम गावातलीच माणसे शिकली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे घरोघरी राहू-जेवू लागले.

पत्रलेखकाची एक तक्रार मात्र रास्त आहे. जाणकार नसताना गडावर कुदळ चालवली, तर वारशाचे नुकसानच होते. पुरंदरच्या तहानंतर शिवरायांकडे राहिलेल्या मोजक्या किल्ल्यांत आपला तळगड होता. तिथला प्रत्येक घडीव दगड मोलाचा.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास देतो. त्यातले थोडे तास पुरातत्त्वाच्या अभ्यासकासोबत तळगडावर आणि कुडा लेण्यांत जावेत, एवढी मागणी महाविद्यालयांनी उचलून धरावी.

– एक वाचक, तळा (रायगड)