पाइप बदलून घोडे किती वाढतात?

फोर्ड मस्टँग जीटीच्या बॉनेटखाली पाच लिटरचं व्ही-८ इंजिन असतं. २०१५ ते २०१७ च्या अमेरिकी गाडीत त्याची ताकद ४३५ हॉर्सपॉवर. एवढ्यावर ज्याचं पोट भरत नाही, त्याच्यापुढे बाजार सगळ्यात आधी जी वस्तू ठेवतो ती म्हणजे कोल्ड एअर इनटेक. मूळचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा आणि त्याजागी शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर आणि गुळगुळीत जाडजूड पाइप बसवायचा. किंमत साडेतीनशे-चारशे डॉलर, काम तासा-दीड तासाचं. बॉनेट उघडलं की दिसायलाही झकास. आणि जाहिरात सांगते, दहा-पंधरा, जमलं तर वीस हॉर्सपॉवर वाढतील.

या दाव्याचा पाया असा: खर्च वाचवायला आणि आवाज कमी ठेवायला कंपनीने इंजिनाचं नाक दाबून ठेवलेलं आहे, तुम्ही ते मोकळं करा. कार्ब्युरेटरच्या काळात या म्हणण्यात दम होता. तेव्हा बऱ्याच गाड्यांचा एअर क्लीनर थेट इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटखालची तापलेली हवा ओढत बसलेला असे. पण आजच्या मस्टँगचा तो काळा डबा नीट बघा. चारी बाजूंनी बंद आहे, आणि त्याचं तोंड पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या वरच्या अंगाला उघडतं. म्हणजे बाहेरची हवा तो आधीच घेतोय. ज्याला आपण चारशे डॉलर मोजून कोल्ड एअर इनटेक म्हणतो, तो गाडीबरोबर फुकट आलेला आहे, फक्त त्यावर कुणाचं चकचकीत नाव नाही.

यावर कुणी म्हणेल, कंपनीचं कौतुक पुरे, आकडे दाखवा. दाखवतो, आणि तेही फोर्डचेच. याच गाडीसाठी फोर्ड परफॉर्मन्सने तीन ‘पॉवर पॅक’ विकायला काढले. पहिल्यात मूळ डबा तसाच ठेवून आत फक्त चांगला सपाट फिल्टर घालायचा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवं ट्यून द्यायचं. कमाल ताकदीत वाढ १३ हॉर्सपॉवर. दुसऱ्यात मस्टँगच्याच शेल्बी जीटी३५० या मॉडेलचं हवेचं सामान आणि ८७ मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी, वर ट्यून, वाढ २१. तिसऱ्यात जीटी३५० चा इनटेक मॅनिफोल्डही येतो आणि वाढ ३७ वर जाते. आता वजाबाकी करा. मोठा डबा, मोठी थ्रॉटल बॉडी, सगळं मिळून पहिल्या पॅकपेक्षा आठ हॉर्सपॉवर जास्त. डबा न बदलता मिळालेले तेरा मुख्यतः ट्यूनचे. मग नुसत्या पाइपने वीस कुठून येणार?

तापमानाचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच त्याच्या आड जास्त थापा खपतात. गार हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, तेवढं पेट्रोल जास्त जाळता येतं. हिशेब सरळ आहे: बाहेर ३५ अंश सेल्सिअस आणि बॉनेटखाली ६० अंश असेल, तर बाहेरची हवा सुमारे आठ टक्के दाट. शिवाय आत येणारी हवा फार तापली की कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, तो तोटा वेगळा. पण मूळ डबा ६० अंशांची हवा पीत असेल तर हा हिशेब लागू. चालत्या गाडीत तो बाहेरच्यापेक्षा पाचेक अंश गरम हवा घेत असेल, तर जगातला सर्वोत्तम इनटेकसुद्धा दीड टक्क्याच्या वर काही देऊ शकत नाही. उलट, उघडा शंकू बॉनेटखाली लटकवणारे जे स्वस्त ‘शॉर्ट रॅम’ मिळतात, ते बंद डब्याची बाहेरची हवा सोडून इंजिनाची गरम हवा ओढतात. नाव कोल्ड, काम नेमकं उलटं.

इथेच एक जुना वादही निकालात काढू. ॲल्युमिनियमचा पाइप तापतो, प्लॅस्टिकचाच घ्या, असं कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतोच. पाच लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमला मिनिटाला साधारण १६ घनमीटर हवा ओढतं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या पाइपातून ती सेकंदाला ३४ मीटर वेगाने जाते. साठ सेंटिमीटरचा पाइप पार करायला तिला सेकंदाचे दोन शतांशही लागत नाहीत. एवढ्यात ती तापणार किती? रॅम एअरची, म्हणजे गाडीच्या वेगामुळे समोरून दाबून शिरणाऱ्या हवेचीही तीच कथा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. ताशी २०० ला दोन टक्क्यांच्या जवळ जातो, पण तो वेग रस्त्यावर गाठणाऱ्याला हॉर्सपॉवरपेक्षा वकिलाची गरज जास्त असते.

राहता राहिला डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद. मूळ गाडीची रेषा खाली, इनटेकची रेषा वर, मधे वीस घोड्यांची फट. पण दोन्ही धावा कधी, कशा झाल्या हे त्या कागदावर नसतं. बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावला, की उघड्या शंकूला रस्त्यावर कधीच मिळणार नाही अशी हवा मिळते. मधल्या वेळात इंजिन किती तापलं, किती निवलं, त्याने निकाल हलतो. तीच गाडी, तोच डायनो आणि एक-दोन टक्क्यांचा फरक, यात नवल काही नाही. ४३५ वर दोन टक्के म्हणजे जवळजवळ नऊ हॉर्सपॉवर झाले. एका धावेचा आलेख दाखवून आठ-नऊ हॉर्सपॉवर विकणारा खोटं बोलतोच असं नाही, पण काही सिद्धही करत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू, कारण तिथेही एक पंथ आहे. त्यांचं म्हणणं, कंपनीच्या इंजिनिअरला सगळं कळतं, बाकी सगळं थोतांड. हेही मला मान्य नाही. कंपनीचा इंजिनिअर एकट्या ताकदीसाठी काम करत नाही. त्याला आवाजाचे नियम पाळायचे असतात, पावसाचं पाणी बाहेर ठेवायचं असतं, वर्षभर धुळीत फिरूनही फिल्टर टिकवायचा असतो. शिवाय त्याने तो डबा मूळ इंजिनासाठी आखलेला असतो. तुम्ही वर सुपरचार्जर चढवला, मॅनिफोल्ड बदलला, रेडलाइन वर नेली, की हवेची मागणी वाढते आणि कालपर्यंत पुरेसा असलेला डबा आज गळा आवळू लागतो. फोर्डचा तिसरा पॅक हेच सांगतो. मोठा मॅनिफोल्ड आला, तेव्हाच मोठ्या इनटेकला काम मिळालं.

मग आपल्या गाडीचा गळा आवळलाय की नाही हे ओळखायचं कसं? विक्रेत्याला विचारून नव्हे, मोजून. त्याला लागतं तरी काय? १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ चा सॉकेट असतो. त्यात स्वस्तातलं यंत्र खुपसलं की आत येणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. हायवेवर दहा-पंधरा मिनिटं एकसारखी गाडी चालवा आणि बाहेरच्या तापमानाशी ताडून बघा. सिग्नलला उभे असतानाचा आकडा धरू नका, तेव्हा सगळ्याच गाड्यांचा चढतो.

दुसरी मोजणी मला जास्त आवडते, कारण तिला कॉम्प्युटर लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक बारीक नळी आणा, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून पुठ्ठ्यावर चिकटवा, निम्मी भरेल इतकं रंगीत पाणी घाला. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपात, दुसरं मोकळ्या हवेत. ट्रॅकवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन हवा ओढतं आणि एका बाजूचं पाणी वर चढतं. वाचन शेजारी बसलेल्याने करायचं. दोन्ही बाजूंच्या पातळीत वीस सेंटिमीटरचा फरक पडला, तर फिल्टर आणि डबा मिळून वातावरणाच्या दाबाचे दोन टक्के खाताहेत. म्हणजे सगळा अडथळा जादूने नाहीसा झाला तरी पदरात दोनेक टक्के. पाच सेंटिमीटर आले तर पाकीट खिशातच ठेवा. चाळीस आले तर आधी फिल्टर काढून बघा, त्यात गेल्या दोन वर्षांचा पाचोळा निघण्याची शक्यता बरीच असते.

मोजून गरज ठरली, तर घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, फिल्टर बंद डब्यात बसतो का आणि डब्याच्या कडेचं रबर बॉनेटला नीट टेकतं का. दोन, हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर ज्या गळ्यात बसतो त्याचा व्यास. तो दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं, तीच हवा सेन्सरपाशी मंद वाहते, कॉम्प्युटरला ती कमी वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. पूर्ण ताकदीच्या वेळी पेट्रोल कमी पडणं म्हणजे नॉकिंग, आणि पुढे पिस्टनचं नुकसान. ‘ट्यूनची गरज नाही’ असं लिहिलेले इनटेक हा गळा मूळ मापाचाच ठेवतात, म्हणून सुरक्षित असतात, आणि म्हणूनच फार काही देत नाहीत. खरा फायदा हवा असेल तर ट्यूनचे पैसे आधी बाजूला काढा. तेलाचा फिल्टर असेल तर धुतल्यावर तेल बेताने लावा. जास्तीचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसतं.

बसवताना गडबड होते ती सेन्सरच्या पुढच्या भागात. तिथला क्लॅम्प ढिला राहिला, क्रँककेसची छोटी होज लावायची विसरली, की न मोजलेली हवा आत शिरते. गाडी आयडलला भरकटते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मालक दोष देतो फिल्टरला. सेन्सर जुन्या डब्यातून काढताना त्याच्यावरचा बाण बघून ठेवा, आतल्या तारेला बोट लावू नका, आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा.

आणि आवाज? त्यासाठी इनटेक घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. मूळ डब्यात आणि पाइपात आवाज गिळणाऱ्या पोकळ्या असतात. त्या गेल्या की ४००० आरपीएमच्या वर व्ही-८ चा हवा ओढतानाचा जो घोगरा आवाज येतो, तो ऐकायला चारशे डॉलर देणं हा शुद्ध शौक आहे. खुद्द फोर्डने इनटेकचा आवाज केबिनमध्ये आणायला या जीटीत एक नळी घातलीच होती. आवाजासाठी घेतला असेल तर तसं मित्रांना सांगावं, पिकअप वाढल्याच्या गोष्टी सांगू नयेत.

कायद्याचं मात्र आधी बघा. कॅलिफोर्नियात कार्ब, म्हणजे तिथल्या हवाई संसाधन मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक त्या इनटेकला हवा, नाहीतर स्मॉग चेकला गाडी अडते. २०१६ पासून काही वर्षं मस्टँग भारतातही विकली गेली. इथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आणली आहे. इनटेक त्यात मोडतो का यावर वाद घालता येईल, पण तो नाक्यावर घालावा लागेल. त्यातून मुंबई-पुण्याचा जुलै. बंपरमागे खाली उतरवलेला फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात मूळ डबा परत चढवणं शहाणपणाचं, म्हणून तो स्क्रूंसकट पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकायला काढलीत की पुढचा गिऱ्हाईकही तो मागणारच आहे.