उजवी लेन कुणाच्या बापाची?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दर वीकएण्डला ये-जा करणाऱ्या माणसाला काय काय तोंडपाठ असतं! कुठल्या फूडमॉलचा वडापाव गरम मिळतो, घाटात मोबाइलची रेंज नेमकी कुठे जाते, टोलच्या कुठल्या रांगेत फास्टॅग पटकन वाचला जातो, सगळं. आता त्यालाच विचारा, की बाबा रे, या तीन लेनपैकी कुठली कशासाठी? उत्तर येतं, ‘‘सोप्पंय, स्लो, मीडियम आणि फास्ट!’’ जणू मिक्सरची बटणंच!

फंडा खरं तर त्याहून सोपा आहे. डावी लेन ट्रक, ट्रेलर, टँकर अशा अवजड मंडळींची. मधली आपल्यासारख्या कारवाल्यांची. आणि उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. उजवीकडे जायचं, पुढच्याला मागे टाकायचं, इंडिकेटर देऊन परत मधल्या लेनमध्ये यायचं. संपलं. ‘फास्ट लेन’ नावाची चीज या रस्त्यावर नाहीच. तरी कळंबोलीला एक्स्प्रेस-वे सुरू झाला रे झाला, की आपली माणसं थेट उजवीकडे सरकतात आणि किवळ्यापर्यंत तिथून हलत नाहीत. लोकलमध्ये विंडो सीट पकडावी, तशी!

या रस्त्यावरच्या भांडणात दोन पार्ट्या आहेत. पहिली पार्टी म्हणजे ‘मी तर लिमिटमध्येच आहे’वाले. सीटबेल्ट लावलेला, मोबाइल बाजूला, गाणी हळू आवाजात, काटा बरोब्बर नव्वदवर. माणूस सज्जन. फक्त तो उजव्या लेनमध्ये आहे आणि त्याच्या मागे बारा गाड्या आहेत. मधली लेन मोकळी पडली असली तरी हा सरकणार नाही. का? तर ‘‘मी नियम पाळतोय, मागच्याला घाई असेल तर तो त्याचा प्रश्न.’’ दुसरी पार्टी म्हणजे तो मागचा. नवीकोरी एसयूव्ही, डिपरचा मारा, बंपरला बंपर. दहा सेकंदांत पेशन्स संपतो आणि गाडी सूऽऽम करून डावीकडून निघते. मग मधली लेन, मग परत उजवी, मध्येच एखाद्या टँकरच्या नाकासमोरून.

या दोन पार्ट्या एकमेकांना मनापासून शिव्या देतात. माझं म्हणणं असं, की त्या एकमेकांच्याच आधाराने जगतात. उजवी लेन अडवून बसणारा नसता, तर डावीकडून घुसायची वेळ बऱ्याच जणांवर आली नसती. आणि असे घुसणारे नसते, तर त्या सज्जन माणसाला ‘आपण तेवढे सेफ’ असं वाटलं नसतं. वेगावर आपण तासन्‌तास वाद घालतो. जीव मात्र पुष्कळदा वेगळ्याच गोष्टीने जातो. पुढचा काय करणार, हे मागच्याला कळत नाही. लेन म्हणजे दुसरं काय? मी पुढच्या पाच सेकंदांत काय करणार, हे अनोळखी माणसाला न बोलता सांगायची सोय.

बरं, एवढी मारामारी करून वाचतं काय? हिशेब करू या, आपण सगळे एक्सेलवालेच आहोत. एक्स्प्रेस-वे साधारण ९४.५ किलोमीटरचा. सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १००, घाटात त्याहून बरीच कमी. क्षणभर घाट विसरा. अख्खा रस्ता १०० ने गेलात तर लागतील ५७ मिनिटं. १२० ने गेलात तर ४७. म्हणजे घाट नाही, टोल नाही, ट्रॅफिक नाही, अशा स्वप्नातल्या रस्त्यावरसुद्धा जास्तीत जास्त दहा मिनिटांची कमाई! प्रत्यक्षात ती तीन-चार मिनिटांवर येते आणि चांदणी चौकात किंवा वाशीच्या पुलावर तीही जाते. आता दुसरा आकडा. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. आणि आपण पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो? तिच्या मागच्या काचेवरचं ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ आरामात वाचता येईल एवढं!

मध्यंतरी घाटात जाम लागला म्हणून मी खोपोलीला उतरले आणि जुन्या हायवेवरच्या एका टपरीवर चहाला थांबले. शेजारी कराडकडचा एक ट्रकवाला बसला होता, माझ्या बाबांच्या वयाचा. मी आपली तक्रारीच्या सुरात म्हटलं, ‘‘काका, तुम्ही लोक सगळ्या लेन अडवता हो!’’

त्याने शांतपणे बशी खाली ठेवली. ‘‘अडवतो की, ताई. खोटं कशाला बोलू? पर डाव्या लेनमधी कुणाचा टायर फुटलेला असतोय, कोण लघवीला उभा असतोय. चढाला लोड गाडी एकदा थांबली, की परत उचलंना होती. मग घेतो मधी.’’

‘‘आणि आम्ही डावीकडून ओव्हरटेक करतो तेव्हा?’’

‘‘तवाच तर भ्या वाटतं. आमचं स्टिअरिंग उजवीकडं. तुमची बारकी गाडी डावीकडनं आली, की आरशात एकदा दिसती आन् गायब होती. पार दाराच्या खाली. आमाला वाटतं, गेली पुढं. आन् आमी घेतो डावीकडं.’’

पुढचं वाक्य त्याने बोललंच नाही. हाताचा पंजा फक्त टेबलावर आडवा दाबला.

त्यानंतर डावीकडून सुसाट जाणारी प्रत्येक कार मला त्या ट्रकच्या केबिनमधून दिसायला लागली. म्हणजे दिसेनाशीच व्हायला लागली! आपल्याला वाटतं, एवढं धूड आपल्याला पाहतंय. ते पाहत नसतं. आणि त्याच्या डाव्या अंगाला आपल्याला जायला लागतं, कारण उजवीकडे आपलाच कुणीतरी सज्जन काटा नव्वदवर ठेवून बसलेला असतो.

घाटातली गंमत तर आणखी वेगळी. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनचा मोका साधून जुना अमृतांजन पूल पाडला, तेव्हा वाटलं, सुटलो! एक अडथळा गेला खरा, पण घाट काही सुटला नाही. कारण चढावर ताशी २८ ने रांगणाऱ्या ट्रकला ३० ने रांगणारा ट्रक ओव्हरटेक करायला निघतो. दोघांच्या वेगात फरक ताशी दोन किलोमीटरचा. पूर्ण पुढे जायला पन्नासेक मीटर जास्त कापायचे म्हटले, तरी दीड मिनिट लागतं. तेवढ्यात हे दोघं पाऊण किलोमीटर जोडीने चाललेले असतात. त्यात तिसऱ्याने उजवीकडून तोंड घातलं, की लागली वाट! जर्मनीत याला ‘हत्तींची शर्यत’ असं नाव आहे. आपल्याकडे शर्यत कमी आणि वरात जास्त.

जर्मनीवरून आठवलं. आपल्या ऑफिसातली किती तरी मंडळी ऑनसाइट जाऊन येतात. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे ओव्हरटेकची लेन डावीकडे. ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादाच नाही, तरी काम झालं की प्रत्येक जण मुकाट्याने उजवीकडे परततो. ब्रिटनमध्ये तर मधली लेन उगाच अडवून बसलात, तरी २०१३ पासून पोलीस जागेवर १०० पौंडांचा दंड लावू शकतात. तिथे आपला पोरगा कसा वागतो? अगदी शहाण्यासारखा. फेसबुकवर फोटो टाकून वर लिहितो, ‘काय शिस्त आहे यार!’ तोच मुंबईला उतरतो, कळंबोली ओलांडतो आणि... विंडो सीट! म्हणजे शिस्त आपल्याला येत नाही असं नाही बॉस, ती आपण पासपोर्टबरोबर कपाटात ठेवून देतो.

याची किंमत मोठी आहे. २०१६ या एका वर्षात या एक्स्प्रेस-वेवर १५१ माणसं गेली. ९५ किलोमीटरच्या आत, १५१ घरं. त्यानंतर ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ या मोहिमेत धोक्याच्या जागा हुडकून दुरुस्त्या झाल्या, कठडे आले, आकडा खाली आला. पण १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे माडप बोगद्याजवळच्या अपघातात विनायक मेटे गेले, तेव्हा पुन्हा सगळीकडे लेनची शिस्त हाच विषय होता. काही दिवस होता. मग दिवाळी आली.

जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. वेग, सीटबेल्ट, लेन तोडणं, सगळ्यावर ई-चलान. लेन तोडल्याचा दंड कायद्याने ५०० ते १,००० रुपये. कोरेगाव पार्कातल्या दोघांच्या ब्रंचला याहून जास्त लागतात! आणि आपण भारी हुशार. गॅन्ट्री दिसली की मधली लेन, गॅन्ट्री मागे पडली की पुन्हा उजवी. कॅमेऱ्याला डावीकडून येणारी गाडी दिसेलही, पण त्या कराडच्या काकांना ती त्या क्षणी दिसणार नाही. आणि गाठ आपली त्यांच्याशी असते.

तेव्हा येत्या शुक्रवारसाठी छोटासा होमवर्क. ओव्हरटेक झाला, की मधला आरसा बघा. मागे टाकलेली गाडी त्यात पूर्ण दिसली, की इंडिकेटर द्या आणि मधल्या लेनमध्ये परत या. मागून कुणी डिपर मारत आला, तर तो कितीही माजोरडा वाटला तरी त्याला जाऊ द्या. त्याला धडा शिकवायची नोकरी आपल्याला कुणी दिलेली नाही, आणि तिचा पगारही मिळत नाही. उजवी लेन मोकळी असेल, तर तो उजवीकडूनच जाईल. कुणाच्या डाव्या दाराखाली तरी गायब होणार नाही.